साडेसात फेऱ्यांचा हिशेब

शाळेच्या वार्षिक क्रीडास्पर्धांत मी एकही पदक मिळवले नाही. माझ्या वाट्याला सलग चार वर्षे आली ती अंतिम रेषेजवळची खुर्ची, मांडीवरची पाटी आणि एक पितळी घंटा. आमच्या मैदानावर चुन्याने आखलेली धावपट्टी २०० मीटरची होती. त्यामुळे १५०० मीटरची शर्यत साडेसात फेऱ्यांची होई, ती मैदानाच्या पलीकडच्या बाजूने सुटे आणि धावपटू माझ्यासमोरून पहिल्यांदा जात तेव्हा त्यांच्या सात फेऱ्या उरलेल्या असत. प्रत्येकाच्या क्रमांकापुढे फेरीगणिक रेघ ओढायची आणि पहिला धावपटू शेवटच्या फेरीत शिरताच घंटा वाजवायची, एवढेच माझे काम होते.

सकाळी १०० मीटरची अंतिम शर्यत होई आणि संध्याकाळी, उन्हे उतरल्यावर, १५०० मीटरची. गटाच्या गुणांचा हिशेब असा घट्ट असे की सकाळी जिंकलेल्या मुलाला संध्याकाळीही उतरवण्याचा मोह एकाही गटप्रमुखाला आवरत नसे. जो सर्वांत जोरात पळतो तो लांबही बरा पळेल, अशी सगळ्यांची भाबडी खात्री होती. आमच्या गटातला १०० मीटर १३ सेकंदांत पळणारा मुलगा मला सर्वांत जास्त आठवतो. शिट्टी झाली की तो गुडघे उंच उचलत, चवड्यांवर, हातांच्या मुठी न वळता बोटे ताठ ठेवून निघे आणि माझ्यासमोरून पहिल्यांदा जाताना दुसऱ्या क्रमांकाच्या मुलाला त्याने दहा-बारा पावले मागे टाकलेले असे. प्रेक्षकांत जल्लोष होई. तिसऱ्या फेरीपर्यंत त्याची मान मागे कललेली असे, खांदे कानांशी गेलेले असत, आणि सकाळी जमिनीला जेमतेम स्पर्श करणारी तीच पावले आता थपथप वाजू लागत. ज्याच्याकडे सकाळी कोणाचे लक्षही गेले नव्हते असा एक हडकुळा मुलगा, प्रत्येक फेरी चाळीस सेकंदांच्या आसपास काढत, तोंडही न उघडता त्याच्या बाजूने पुढे निघून जाई.

प्रेक्षक म्हणत, ‘याच्यात दम नाही.’ मला तेव्हाही ते अन्यायाचे वाटे, आणि पुढे थोडे वाचल्यावर ते चूकच असल्याचे कळले. पूर्ण जोराने धावताना स्नायू प्रथम ज्या साठ्यावर चालतात, तो फॉस्फोक्रिएटिनचा साठा सुमारे दहा सेकंदांतच बराचसा संपतो. त्यानंतर प्राणवायूच्या पुरेशा पुरवठ्याविना साखर जाळण्याची सोय शरीर वापरते, पण तिच्यासोबत स्नायूंत आम्लता वाढत जाते आणि पाय भरून येतात. १५०० मीटरमध्ये लागणाऱ्या ऊर्जेचा बहुतांश भाग प्राणवायूच्या साह्यानेच मिळवावा लागतो. स्प्रिंटरच्या पायांत जलद आकुंचन पावणारे, जोरकस पण लवकर थकणारे तंतू अधिक असतात, तर लांब पल्ल्याच्या धावपटूच्या पायांत मंद पण चिवट तंतूंचे प्राबल्य असते. या वाटणीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो आणि सराव ती काही मर्यादेतच बदलू शकतो. म्हणजे आमचा गडी जिद्दीत कमी पडत नव्हता. पहिल्या शंभर मीटरमध्ये त्याने जे उधळले, त्याचे व्याज तो उरलेल्या सात फेऱ्या फेडत होता.

२००९ मध्ये बर्लिनला १०० मीटर ९.५८ सेकंदांत धावलेल्या उसेन बोल्टने सलग एक मैल कधीच धावून पाहिलेला नाही, असे त्याच्या व्यवस्थापकाने २०१६ मध्ये सांगितले होते. ते वाचले तेव्हा आमच्या गटप्रमुखाची मला फार आठवण झाली, कारण त्याने बोल्टलाही संध्याकाळच्या शर्यतीत उतरवले असते.

उलट बाजूचे आकडे मात्र मला अधिक चकित करतात. हिशम एल गरूझने १९९८ मध्ये रोममध्ये १५०० मीटर ३ मिनिटे २६ सेकंदांत पूर्ण केले, म्हणजे प्रत्येक शंभर मीटरला त्याला पावणेचौदा सेकंद लागले. आमच्या शाळेत एकच शंभर मीटर तेवढ्या वेळात काढणारा मुलगा अंतिम फेरीत असे, आणि रेषा ओलांडल्यावर गुडघ्यांवर हात टेकून उभा राही. केल्विन किप्टमने २०२३ मध्ये शिकागोत मॅरेथॉन २ तास ३५ सेकंदांत संपवली; तिथे शंभर मीटरची सरासरी सुमारे सतरा सेकंद पडते, आणि तीही बेचाळीस किलोमीटरभर.

एका वर्षी मी स्वतःच घोटाळा केला. मागे पडलेल्यांच्या रेघा ओढण्याच्या गडबडीत मी पहिल्या धावपटूसाठी घंटा एक फेरी आधीच वाजवली. त्या हडकुळ्या मुलाने ती ऐकून राखून ठेवलेला सगळा जोर काढला, दोन्ही हात वर करून रेषा ओलांडली आणि अजून एक फेरी बाकी आहे असे सरांनी ओरडून सांगितले तेव्हा त्याने माझ्याकडे जे पाहिले ते मी विसरलेलो नाही. तो पुन्हा धावू लागला खरा, पण त्या फेरीत त्याचीही मान तशीच मागे कलली होती आणि त्याचीही पावले थपथप वाजत होती. इतकी वर्षे जे एकट्या स्प्रिंटरचे वैगुण्य म्हणून आम्ही पाहत होतो, ते माझ्या एका घंटेने त्यालाही भोगायला लावले. जिंकला तोच, पण जेमतेम.

या दोन जातींच्या सीमेवर ८०० मीटरची शर्यत आहे, असे माझे मत आहे. १९७६ मध्ये मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये क्यूबाच्या अल्बेर्तो हुआन्तोरेनाने ४०० आणि ८०० मीटर दोन्ही जिंकले आणि ८०० मीटरमध्ये १ मिनिट ४३.५० सेकंदांचा विश्वविक्रमही केला. हा मूळचा चारशेचा धावपटू, लांब ढांगांचा. त्यापलीकडे निव्वळ वेगाचे भांडवल फारसे पुरत नाही.

शेवटच्या वर्षी आमच्या मुलाने १५०० मीटरसाठी नाव द्यायला साफ नकार दिला, ८०० मीटरमध्ये दुसरा क्रमांक मिळवला आणि संध्याकाळी माझ्या खुर्चीशेजारी गवतावर स्टॉपवॉच घेऊन बसला. आठवीतला एक नवा मुलगा पहिले शंभर मीटर पंधरा सेकंदांत कापून सर्वांच्या पुढे आमच्यासमोरून गेला, तेव्हा तो घड्याळाकडे पाहून म्हणाला, ‘हा चौथ्या फेरीत थांबणार.’ मी पाटीवर रेघा ओढत राहिलो. तो मुलगा पाचव्या फेरीत थांबला.