एफ-वन दाबा आणि पुढे चला

सोसायटीच्या ऑफिसातला कॉम्प्युटर सुरू होताना बघायचा असेल तर संध्याकाळी सहाच्या सुमाराला जावं. टेबलाखालचा काळा डबा घरघरतो आणि मॉनिटरवर पांढरी अक्षरं उमटतात: ‘सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड. प्रेस एफ-वन टू कन्टिन्यू.’ मॅनेजरकाका पडद्याकडे न बघता एफ-वन दाबतात, पंख्याचं बटण दाबावं इतक्या सहज. असं वर्ष-दीड वर्ष चालतं. मग एक दिवस तिसऱ्या मजल्यावरच्या काकू मेंटेनन्सचं बिल हातात घेऊन उतरतात.

“अहो, यावर १ जानेवारी २००९ छापलंय. आता तेव्हापासूनचं व्याज लावणार का?”

मुलुंड असो की गोरेगाव, अशी यंत्रं मुंबईत अजून भरपूर आहेत. सोसायट्यांत, झेरॉक्सच्या दुकानांत, सीएंच्या पोटमाळ्यावर. चार पत्रं टाइप करायची, बिलं काढायची, एवढ्यासाठी नवा घेण्यात काही अर्थ नाही, हे मलाही मान्य आहे. मान्य नाही ते एफ-वन. यंत्र रोज एकच वाक्य सांगतंय आणि आपण ते न वाचता रोज त्याला गप्प करतोय.

वाक्याचा अर्थ सोसायटीच्या हिशेबनीसाला लगेच कळेल. मदरबोर्डवर, म्हणजे डब्यातल्या मुख्य सर्किटच्या पाटीवर, एक छोटी स्मृती असते. तीच सीमॉस. घड्याळ, तारीख, हार्ड डिस्क कोणत्या पद्धतीने चालवायची, आधी कुठून सुरू व्हायचं, असलं सगळं तिच्यात लिहिलेलं असतं. १९८४ च्या आयबीएम पीसी-एटीमध्ये ही सोय आली तेव्हा ती सगळी मिळून ६४ बाइट्सची होती. त्यातले १४ घड्याळाकडे, उरलेले ५० सेटिंगला. सेटिंगच्या नोंदींची बेरीजही शेजारीच लिहून ठेवलेली असते, तीच चेकसम. सुरू होताना यंत्र पुन्हा बेरीज मारतं. जुळली नाही तर कुठली नोंद चुकली ते शोधत बसत नाही, अख्खं पान फाडतं आणि कारखान्यातून आलेलं छापील पान लावतं. ‘डिफॉल्ट्स लोडेड’ म्हणजे एवढंच. तारीखही बोर्ड जन्माला आला त्या सुमाराला परत जाते, म्हणून काकूंच्या बिलावर २००९.

पान बिघडतं ते एका बिस्किटाएवढ्या सेलमुळे. सेलचं नाव सीआर-२०३२. नावातच माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. लिथियमचा, ३ व्होल्टचा. घड्याळ चालवणारा बोर्डवरचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. दोनाचा पंधरावा घात, म्हणजे पंधरा वेळा निम्मं केलं की बरोब्बर एक सेकंद उरतो. हे घड्याळ चालू ठेवायला वीज लागते अगदी मुंगीच्या घोटाएवढी, ढोबळमानाने पाच मायक्रोअँपिअर. सेलमध्ये साधारण २२० मिलिअँपिअर-तास असतात. भागाकार केला तर ४४,००० तास, म्हणजे पाच वर्षं.

पण हा भागाकार सेल एकटाच राबत असेल तेव्हाचा. कॉम्प्युटर बंद असला तरी भिंतीवरचं बटण चालू असेल, तर पॉवर सप्लाय पाच व्होल्टचा एक बारीक झरा बोर्डाला देत राहतो. घड्याळ त्यावर चालतं आणि सेल आराम करतो. आणि सोसायटीच्या ऑफिसात दाराशेजारी काय चिकटवलेलं असतं? ‘निघताना सर्व बटणे बंद करावीत. हुकुमावरून.’ ऑफिस उघडं दोन-तीन तास, बाकी वेळ सगळा भार त्या बिस्किटावर. घरातही तेच, रात्री झोपताना कोणीतरी विचारतंच, “खालचं बटण बंद केलंस ना?” सूचना चुकीची नाही. विजेचं बिलही वाचतं, आगीची भीतीही कमी होते. फक्त तिच्यामुळे सेल पाचेक वर्षांत बसणार, हे धरून चालायला हवं.

सेल बदलणं सोपं आहे. बदलण्याआधीचं काम लोक विसरतात. ही सेटिंग दाखवणाऱ्या सेटअपमध्ये जायचं (सुरू होताना डिलीट किंवा एफ-टू), आणि प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढायचा. यातली एक ओळ सोन्याची: साटा मोड, म्हणजे हार्ड डिस्क चालवायची पद्धत. तिथे आयडीई लिहिलंय की एएचसीआय, ते नीट बघा. विंडोज एएचसीआयवर टाकलेली असेल आणि छापील पानाने ते आयडीई करून ठेवलं, तर विंडोजला स्वतःचीच डिस्क उघडता येत नाही. निळा पडदा येतो. विंडोज सेव्हनवर त्यात शून्यांच्या रांगेनंतर ‘७बी’ असं दिसतं. इथे दुरुस्तीवाला पोरगा मान हलवून म्हणतो, “काका, फॉरमॅट मारावं लागेल.” आणि दहा वर्षांचा हिशेब एका सेलपायी जातो. खरं तर ती एक ओळ परत एएचसीआय केली, एफ-टेनने सेव्ह केलं, की बहुतेक वेळा विंडोज काही झालंच नाही अशी उघडते. आधीचे फोटो नसतील आणि निळा पडदा आलाच, तर फॉरमॅटचं नाव काढण्याआधी हा मोड इकडून तिकडे करून बघावा.

आता सेल. मुख्य वायर भिंतीतून काढायची आणि पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरायचं, आत राहिलेली वीज निघून जाते. डबा आडवा करायचा. मागचे दोन स्क्रू काढले की बाजूचा पत्रा सरकतो. उघड्या पत्र्याला एकदा हात लावून घ्यायचा, अंगातली स्थिर वीज तिथे उतरते. सेल बहुधा खालच्या खाचांजवळ असतो, कधी ग्राफिक्स कार्डाखाली दडलेला. कडेची पत्र्याची जीभ नखाने बाहेर दाबली की तो टुणकन वर येतो. मल्टिमीटर असेल तर डीसी २० व्होल्टवर लावून बघा. नवा सेल तीनच्या थोडा वर दाखवतो, २.८ च्या खाली आला की तो गेला. नवा बसवताना अधिकचं चिन्ह वर, आणि धरायचा कडेने, घामट बोटांनी दोन्ही बाजू दाबून नाही.

सेल आणायला लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार गाठायची गरज नाही, स्टेशनबाहेरच्या घड्याळवाल्याकडे दोन वडापावांच्या भावात मिळतो. पाकीटबंद घ्या, बरणीतला सुटा नको. २०३२ नाही म्हणून तो २०२५ पुढे करेल. व्होल्ट तेवढेच, पण जाडी अडीच मिलिमीटर, खोबणीत सैल बसतो. जुना सेल चिकटपट्टीत गुंडाळूनच टाका. पोराने गिळला तर अन्ननलिका जळते आणि जिवावर बेततं.

सेल नवा, तरी तीच ओळ? मग सेलशेजारचा तीन पिनांचा जंपर बघा, म्हणजे दोन पिना जोडणारी छोटी टोपी. तो एक-दोनवरून दोन-तीनवर राहिला असेल तर यंत्र स्मृती पुसतच राहणार. बहुतेक बोर्डांवर तरी असंच आहे.

बाकी ओळी झटपट. ‘सीपीयू फॅन एरर’ म्हणजे धूळ, किंवा पंख्याचं वंगण सुकलं. ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’ आलं की आधी मागेपुढे कुणाचा पेनड्राइव्ह खोचलेला राहिलाय का ते बघावं, मग साटाची वायर दाबावी; डिस्क टकटक करत असेल तर मात्र सगळं सोडून आधी बॅकअप. ‘कीबोर्ड एरर, प्रेस एफ-वन’ या वाक्यावर कॉम्प्युटरवाली मंडळी पूर्वीपासून हसत आली आहेत. कीबोर्डच नाही तर एफ-वन दाबायचं कशावर! सोसायटीत त्याचं कारण बहुधा कीबोर्डवर ठेवलेली सभासदांची फाइल निघते.

पडदा काळा आणि नुसतीच लांब शिट्टी, हा प्रकार जुलै-ऑगस्टमधला. मुंबईच्या हवेत पापड सादळतात, तसे रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या पट्टीचे संपर्कही. दोन्ही टोकांच्या खिट्या उघडून पट्टी काढायची, सोनेरी दातांवरून पांढरा मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवायचा. सॅंडपेपर नको, सोन्याचा मुलामा पातळ असतो. रबराचा चुरा बोर्डावर न पाडता ब्रशने झटकायचा, पट्टी बसवताना दोन्ही खिट्यांचा ‘खट्’ ऐकायचा. बऱ्याचदा एवढ्यावर शिट्टी थांबते.

ऑफिसात सेल बसला, तारीख आणि वेळ भरून झाली, एफ-टेन, मग वाय. यावेळी ती पांढरी ओळ आली नाही, थेट विंडोज उघडली. तरी मॅनेजरकाकांचं बोट एफ-वनवर जाऊन थांबलेलंच होतं. पत्रा लावण्याआधी आतल्या बाजूला कागदाची पट्टी चिकटवायची आणि तिच्यावर सेल बदलल्याची तारीख पेनने लिहायची. आजची, भिंतीवरच्या कॅलेंडरात बघून.