तुम्ही विचारलंत म्हणून: चिनी काढ्याने सिरॉसिस बरा होतो का?

शांघायला एमबीबीएस केलं म्हटलं की पाचव्या मिनिटाला प्रश्न येतो, "तिकडचा तो लिव्हरचा काढा मिळेल का हो?" या वेळी तुम्ही मामांसाठी विचारलंत.

काढा मिळतो. पण मी पाहिलेल्या वॉर्डात तो एकटा कधी यायचा नाही. चीनमध्ये सिरॉसिसचं, म्हणजे व्रण पडून लिव्हर कडक होण्याचं, मोठं कारण हेपॅटायटिस बी, म्हणून आधी विषाणू दाबणारी एन्टेकॅव्हिर नाहीतर टेनोफोव्हिर. पोटात पाणी असेल तर लघवीच्या गोळ्या आणि मीठ कमी. काढा त्याच्या जोडीला.

तिथले म्हातारे वैद्य तीन बोटांनी दोन्ही मनगटांची नाडी बघायचे, जीभ उचलायला लावून खालच्या निळ्या शिरा बघायचे आणि मग रक्ताचा रिपोर्ट मागायचे. एकदा पोटॅशियमचा आकडा पाहून त्यांनी स्वतःच्याच चिठ्ठीतलं शेवटचं औषध खोडलं. गान्त्साओ, म्हणजे आपल्या ज्येष्ठमधाचं भावंड. चिनी काढ्यांत ते सर्रास पडतं. पण ते अंगात मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम उतरवतं. म्हणजे गोळीने पाणी काढायचं आणि काढ्याने परत भरायचं! शिवाय पोटॅशियम उतरलं की अमोनिया वाढतो आणि पेशंट बरळायला लागतो. ती खोडलेली ओळ मला अख्ख्या टर्मपेक्षा जास्त शिकवून गेली.

काढ्याने गुण येतो का? फूजंग ह्वायू नावाची कॅप्सूल तिकडे लिव्हरवरचे व्रण कमी करायला देतात, काही अभ्यासांत फायदा दिसलाय. पण २०१३ साली छापून आलेल्या अभ्यासात नुसत्या टेनोफोव्हिरवर पाच वर्षांनी ९६ पैकी ७१ जणांच्या तपासणीत सिरॉसिस उरला नव्हता. त्यामुळे श्रेय वाटताना मी काढ्याच्या वाट्याला थोडंच ठेवते.

आणि झाडपाला म्हणजे निरुपद्रवी, हे डोक्यातून काढा. केस काळे करायला चिनी लोक ह-शौ-वू खातात, त्याने लिव्हर बिघडल्याच्या केसेस भरपूर आहेत. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीबद्दल तेच लिहिलं, त्यावर आयुष मंत्रालयाशी वादही झाला.

मामांचा सिरॉसिस दारूचा आहे. विषाणूच्या पेशंटवरचे निष्कर्ष त्यांना जसेच्या तसे लागू नाहीत. आधी बाटली बंद, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. पुडी आणलीच तर घटकांची यादी त्यांच्या डॉक्टरांना दाखवा. यादी नसेल तर पुडी उघडू नका.