निपल खाली, हवा वर

नाना शनिवारी दुपारी माझ्या अंबडच्या गॅरेजवर आले. दिंडोरीकडचे द्राक्षबागायतदार. गाडी जुनी, पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस नाही. चावी हातात देत म्हणाले, "मिस्तरी, ब्रेक ऑइल बदलून घेतलं आन् ब्रेकच गेला. आधी बरा होता."

आधीही तो फार बरा नव्हता. मागच्या वर्षी सप्तशृंगी गडावरून नांदुरीला उतरताना त्यांचं पेडल मधेच मऊ पडलं होतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. नवं डॉट 4 दर्जाचं ऑइल निदान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओलावा मुरला की तोच आकडा 155 पर्यंत उतरतो. उतारभर ब्रेकवर पाय ठेवला तर पॅडची उष्णता पिस्टनमधून ऑइलपर्यंत पोचते आणि आत वाफ धरते. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. मग पाय खाली जातो आणि चाकाला काहीच कळत नाही. तेव्हा ऑइल बदला, हा कुणीतरी दिलेला सल्ला बरोबरच होता. नानांनी ते दुसरीकडे बदलून घेतलं, सोबत पुढच्या कॅलिपरचे, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचे, रबर किटही टाकून घेतले. आता चैत्राच्या यात्रेला ऐंशीच्या घरातल्या आईला गडावर न्यायचं होतं, आणि पेडल पहिल्यापेक्षा वाईट.

मी आत बसलो. इंजिन बंद. पहिल्या दाबात पाय जवळपास तळाला गेला. चार-पाचदा पंप केल्यावर पेडल वर आलं, पण पायाखाली रबरी चेंडू असल्यासारखं. मग मिनिटभर तसंच दाबून धरलं. जागचं हललं नाही. पेडलमागून ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरची सील आतून गळत असती, तर पेडल हळूहळू बसत गेलं असतं. म्हणजे ऑइलमध्ये हवाच.

मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं, असं ब्लीडिंग, म्हणजे ऑइलमधली हवा बाहेर काढणं, सुरू केलं. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवला, कारण जुन्या मास्टरची सील रोजच्या पट्ट्याच्या पुढे, गंज धरलेल्या भागात गेली की फाटते. मग दुखणं एकाचं दोन होतं. पोऱ्या आत बसला. "दाब. धर. सोड." पारदर्शक नळी, बाटलीत बुडवलेलं टोक, डब्यातली पातळी कधीच खाली जाऊ दिली नाही. मागच्या चाकांतून थोडे बुडबुडे आले. पुढून स्वच्छ, मधाच्या रंगाचं ऑइल आलं, एक बुडबुडा नाही. पेडल तसंच मऊ. दुसरी फेरी केली. तसंच.

अशा वेळी मागच्या ड्रममधले लायनर आवळून द्यायची युक्ती आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. पेडल इंचभर वर येतं, गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि हवा आतच राहते. मी तसं करत नाही. त्या पेडलवर माणसं घाट उतरणार असतात.

चाकांकडे ऑइल नेणारे चारही रबरी होज गोल तोंडाच्या क्लॅम्पने हलकेच दाबून बंद केले आणि पेडल दाबलं. दगड. म्हणजे मास्टर ठणठणीत. मग एकेक क्लॅम्प काढत गेलो. मागचा डावा काढला, दगड. मागचा उजवा काढला, तरी दगड. पुढचा उजवा काढला आणि पाय खाली गेला. पुढचा डावा काढल्यावर आणखी खाली. दुखणं पुढच्या दोन्ही कॅलिपरमध्ये होतं, म्हणजे जिथून एकही बुडबुडा आला नव्हता तिथेच. दिवे लागायची वेळ झाली होती. मी पुढच्या डाव्या चाकापाशी उकिडवा बसून नुसता बघत राहिलो.

नाना चहाचा पेला घेऊन शेजारी येऊन वाकले. "ह्याच्यात ऑइल येतं कुठून, आन् तुम्ही हवा काढता कुठून?"

मी बोट ठेवून दाखवलं. हा होज, हा हवा काढायचा निपल.

ते थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मिस्तरी, आम्ही पाइपलाइनीला एअर व्हॉल्व्ह चढावर बसवतो. हवा वर चढती ना. तुमचा तर खोलात बसवलाय."

निपल होजच्या खाली होता. दोन फेऱ्यांत मी त्याच निपलला चार वेळा पाना लावला होता. एकवीस वर्षं हे काम करतोय. निपल नेहमी वरच असतो, म्हणून तो कुठे आहे हे मी पाहिलंच नव्हतं. आता होजला पडलेला किंचित पीळही दिसला. किट टाकताना दोन्ही कॅलिपर खोलले गेले आणि बसवताना डावा उजवीकडे, उजवा डावीकडे गेला. बोल्ट बसतात, पॅड बसतात, चाक फिरतं, गळत कुठेच नाही. फक्त निपल तळाला जातो. हवा वरच्या पोकळीत अडकते आणि खालून कितीही ऑइल काढा, स्वच्छच येतं.

नानांसमोर खात्री करायची होती. कॅलिपर ब्रॅकेटवरून काढला, पिस्टन बाहेर उडू नये म्हणून पॅडच्या जागी लाकडाचा तुकडा अडकवला, निपल आकाशाकडे करून हातात धरला आणि पोऱ्याला म्हटलं, दाब. नळीतून आधी फुसकन लांबलचक हवा आली, मग फेस, मग ऑइल. दुसऱ्या बाजूलाही तेच.

मग दोन्ही कॅलिपर आपापल्या बाजूला बसवले, होजच्या बोल्टला तांब्याचे नवे वॉशर घातले आणि सगळी चाकं पुन्हा ब्लीड केली. मडगार्डवर सांडलेलं ऑइल लगेच पाण्याने धुतलं, नाहीतर ते रंग खातं. गाडी रात्रभर ठेवून घेतली. बारीक बुडबुडे भिंतीला चिकटून राहतात, रात्रीत वर येऊन एकत्र होतात. सकाळी उजव्या निपलमधून ज्वारीच्या दाण्याएवढा एक आलाच.

रविवारी एमआयडीसीचे रस्ते मोकळे असतात. नानांना शेजारी बसवून तिथे चाळीसच्या वेगाने ब्रेक मारून पाहिले, मग त्यांना चालवायला दिली. त्यांनी चप्पल काढून ठेवली आणि अनवाणी पायाने पेडल दाबलं. काही बोलले नाहीत, आणखी दोनदा दाबून पाहिलं. गड उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, एवढं मी सांगितलं.

ते गेल्यावर मात्र मला चैन पडेना. एका गाडीत हे झालं असेल तर दुसरीतही झालेलं असू शकतं. नानांकडून पत्ता घेतलेला होता. सोमवारी सकाळी त्या गॅरेजवर गेलो. काम केलेला मुलगा वीस-बावीसचा, हाताला स्वच्छ. मी ओरडलो नाही. त्याच्याच बाकड्यावर पडलेला एक कॅलिपर उचलला, उलटसुलट धरून दाखवला. त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "दादा, त्याच आठवड्यात अजून दोन गाड्यांना किट टाकलेत." त्याने माझ्यासमोरच दोघांना फोन लावले आणि गाड्या चालवू नका, मी येतो, असं सांगितलं. पहिली गाडी गंगापूर रोडला होती. तिचे निपल वर होते. दुसरी पंचवटीत, तिचे दोन्ही खाली.