काकांनी आधी म्हटलेला ‘हॅलो’

फाइलवर लिहिलं होतं, ‘नॉन-व्हर्बल’. राउंडच्या घाईत रेसिडेंट डॉक्टर खाटेपाशी दोन मिनिटं थांबतात, नाव विचारतात आणि उत्तर आलं नाही की हा शब्द लिहून पुढे जातात. 18 वर्षं स्पीच थेरपी करते आहे, तरी तो शब्द वाचला की मला अजून राग येतो.

काका 74 वर्षांचे. मेंदूच्या डाव्या बाजूला स्ट्रोक, उजवा हात लुळा, वाचा गेलेली. किल्लीचं चित्र दाखवलं की डाव्या हाताने कुलूप उघडल्यासारखं करत, म्हणजे ओळख पक्की. शब्द मात्र येत नव्हता. ‘कि...’ असं पहिलं अक्षर पुरवलं तरी ओठ नुसते थरथरत. स्वतःचं नाव नाही, बायकोचं नाही.

मुलीकडून कळलं की काका मुंबईत ट्रंक एक्स्चेंजमध्ये, म्हणजे परगावचे फोन जोडून देणाऱ्या केंद्रात, ऑपरेटर होते. ऑर्डिनरी, अर्जंट, लायटनिंग, ठराविक माणसालाच जोडून द्यायचा पी.पी. असे कॉलचे सगळे प्रकार ऐकत ती मोठी झाली. टेलिफोनचा शोध लावणाऱ्या ग्रॅहम बेलला फोनवर ‘अहॉय’ म्हणायला हवं होतं, 1877 साली एडिसनने पत्र लिहून ‘हॅलो’ सुचवलं आणि तोच शब्द जगभर गेला, ही गोष्ट काका जेवताना हमखास सांगायचे.

मी इंटरकॉमचा रिसीव्हर त्यांच्या डाव्या हातात दिला, मागे जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, “हॅलो.”

“हॅलो, नंबर प्लीज.”

स्वच्छ. शेवटाला सूर किंचित वर चढलेला, ऑपरेटरचाच. माझ्या अंगावर काटा आला.

मग मी थांबलेच नाही. ‘राम राम’ला ‘राम राम’ आलं. ‘सलाम आलेकुम’ला ‘वालेकुम सलाम’. ‘केम छो’ला ‘मजामां’. पारशी गिऱ्हाइकांचं ‘साहेबजी’ म्हटलं, तर मान झुकवून ‘साहेबजी’. लगेच विचारलं, “काका, तुमचं नाव?” पुन्हा नुसते ओठ थरथरले.

आमच्या कामात हे नवं नाही. अभिवादन, आकडे, वार, आरती, शिव्या या गोष्टी अख्ख्याच्या अख्ख्या पाठ झालेल्या असतात. डावा मेंदू दुखावला तरी त्या पुष्कळदा टिकतात. इंग्रज डॉक्टर ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी एकोणिसाव्या शतकातच हे मांडलं होतं. अभिवादनाचं तर निम्मं काम समोरचाच करून देतो. इंग्रजीत ‘हाउ डू यू डू?’चं रीतसर उत्तर ‘हाउ डू यू डू?’ हेच, तब्येत कोणी सांगत नाही. राम रामचंही तसंच. शब्द शोधावा लागत नाही, नुसता परत द्यायचा असतो.

तेवढ्यात काकू डबा घेऊन आल्या. दारात जरा थबकल्या. काकांनी वर पाहिलं आणि म्हणाले, “हॅलो.”

काकूंनी माझा हात धरला. “मला म्हणाले ना?”

मी म्हणाले, “काकू, हे आपोआप येतं. लगेच फार आशा धरू नका.” घरच्यांना खोटी आशा देऊ नये हे आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवतात. ते बरोबरच आहे.

काकू शांतपणे म्हणाल्या, “गिऱ्हाइकाशी बोलताना यांचा आवाज वर जायचा. आत्ता गेला नाही.”

ते मलाही ऐकू आलं होतं. सूर ऐकणं हेच माझं काम, आणि मी ते कानाआड करून पुस्तकातलं वाक्य बोलून मोकळी झाले. रात्री नोंदी लिहायला बसले तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. सकाळपासूनचं काकांचं प्रत्येक अभिवादन माझ्या अभिवादनाचं उत्तर होतं. काकू मात्र दारात काहीच बोलल्या नव्हत्या. हा ‘हॅलो’ काकांनी आधी म्हटला होता.

नोंदीच्या कागदावर दोनच रकाने आहेत, ‘आपोआप’ आणि ‘हेतुपूर्वक’. त्या एका ‘हॅलो’पुढे मी अजून खूण केलेली नाही. उद्या काकूंना सांगणार आहे, डबा घेऊन आत या आणि काही न बोलता नुसत्या उभ्या राहा.