'रोमिश'ला मराठीत काय म्हणायचं?

शार्लट ब्राँटेच्या 'व्हिलेट' या इंग्रजी कादंबरीचा माझा मराठी खर्डा वसईच्या मुद्रितशोधकाकडून परत आला. ते स्वतः कॅथलिक. समासात पेन्सिलीने एकच प्रश्न होता: "हिला आमचा एवढा राग कशाचा? शब्दांत तर कुठे दिसत नाही."

मूळात 'रोमिश', 'रोमॅनिस्ट', 'पेपिस्ट' ही सगळी हेटाळणीची नावं आहेत आणि मी सरसकट 'रोमन कॅथलिक' लिहून मोकळा झालो होतो. विष काढलेला साप वाचकाच्या हाती दिला होता. सप्टेंबर १८५० मध्ये पोप नववे पायस यांनी इंग्लंडात जवळजवळ तीनशे वर्षांनी कॅथलिक बिशपांची व्यवस्था पुन्हा उभी केली, तेव्हा 'पोपचं आक्रमण' म्हणून तिथे गहजब झाला; १८५१ मध्ये त्या बिशपांच्या पदव्यांवर बंदी घालणारा कायदाही आला. कादंबरी १८५३ ची. ते शब्द त्या वेळच्या हवेतले आहेत, ते सौम्य करण्याचा अधिकार अनुवादकाला नाही. आता जिथे टोमणा आहे तिथे 'पोपपंथी' आणि 'पोपशाही' घातलं आहे. 'शाही' लागलं की मराठीत तक्रार आपोआप ऐकू येते.

नायिका लूसी प्रोटेस्टंट असूनही कॅथलिक धर्मगुरूपुढे मन मोकळं करायला जाते, त्या कन्फेशनच्या प्रसंगाने सर्वांत जास्त दमवलं. 'कबुलीजबाब' म्हटलं की पोलीस ठाणं आठवतं, 'प्रायश्चित्त' म्हटलं की पंचगव्य. शेवटी वसईत म्हणतात तसं 'कन्फेशन'च ठेवलं. 'पाद्री' काढून 'फादर' केलं, कारण आपल्याकडे प्रोटेस्टंटांचा 'पाळक' वेगळा, आणि लूसी नेमकी ही सीमा ओलांडून आत गेलेली असते. लेखिका स्वतः १८४३ मध्ये ब्रुसेल्सला अशीच कन्फेशनला बसली होती; बहीण एमिलीला तसं कळवताना वडिलांना न सांगणंच बरं, असंही तिने लिहिलं.

शब्द दुरुस्त झाले तरी अर्धंच काम झालं, कारण पूर्वग्रह कथानकाच्या सांध्यात बसलेला आहे. शाळाचालक मादाम बेक आवाज न होणारे जोडे घालून फिरते, रात्री लूसीच्या कपड्यांचे खिसे चाचपते, पैसे मोजते, किल्ल्यांचे मेणात ठसे घेते. एका बाईचा हा स्वभाव. पण निवेदन तो अख्ख्या पंथाच्या वळणावर ढकलतं. तो सांधा इतका गुळगुळीत आहे की मीही दोन वाचनांत तसाच मान डोलावत पुढे गेलो होतो. प्रकाशकाने असे परिच्छेद गाळायला सुचवलं. मला ते अजिबात पटत नाही. ते गाळले, तर हीच लूसी जेझुइट या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंकडे वाढलेल्या शिक्षक पॉल इमॅन्युएलवर जीव लावते, त्याचं वजन कळणारच नाही.

एक जागा अजून अडलेली आहे. त्या फादरकडे पुन्हा गेले असते, तर हे 'हेरेटिक' कथन लिहिण्याऐवजी आज कार्मेलाइट जोगिणींच्या मठात जपमाळ ओढत बसले असते, असं लूसी म्हणते. शब्द कॅथलिकांचा, तिने तो स्वतःलाच लावून घेतलेला. 'पाखंडी' लिहिलं आहे. पण त्यात तिचा ताठा येत नाही, नुसती शिवी येते.