डंकाचा स्लो-मो: लुकलुक कुठून येते ते सापडलं एकदाचं

मंडळी, मागच्या वेळी मी फुशारकी मारली होती की काकूंच्या चटणीच्या जाहिरातीचा व्हिडिओ ८० टक्के झाला, आता नुसतं कटिंग राहिलंय. ती फुशारकी परत घेतो. शनिवारी रात्री सगळं एडिटिंगच्या टाइमलाइनवर लावलं, आणि ज्या शॉटसाठी एवढा खटाटोप केला, म्हणजे डंकाचं (मिरची कुटायचं मोटरवरचं यंत्र) मुसळ खाली येतंय आणि लाल पूड हळूहळू उसळतेय, तो शॉट लागला की अख्खी फ्रेम उजेड-अंधार-उजेड-अंधार. कॅमेऱ्याच्या तीन इंची स्क्रीनवर यातलं काही दिसलं नव्हतं. काकूंना दाखवलं तर म्हणाल्या, "आरं, आमच्या शेडातल्या लायटी अशा लुकलुकत्यात व्हय? मला तर कधी दिसलं न्हाई."

पहिला संशय अर्थातच मोटरवर. डंक सुरू झाला की शेडातल्या ट्यूबा जरा मंदावतात हे तर डोळ्यांनाही दिसतं, मग तेच असणार म्हणून दोन दिवस त्याच्याच मागे. कॅमेऱ्याचं शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेम किती वेळ उजेड घेते ते, १/१२५ सेकंदाचं १/२५० केलं, जास्तच बिघडलं. लुकलुक काढणारा डीफ्लिकर इफेक्ट मारावा तर रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये तो विकतच्या स्टुडिओ आवृत्तीत येतो, मी फुकटवाला. मग कुणीतरी इथंच पूर्वी सांगितलेला जुगाड केला, क्लिपची कॉपी वर टाकायची, ५० टक्के ओपॅसिटी म्हणजे अर्धी पारदर्शक, आणि काही फ्रेम पुढं सरकवायची. तीन फ्रेम सरकवल्यावर लुकलुक चक्क गेली! पण एका मुसळाची दोन मुसळं दिसायला लागली आणि पूड म्हणजे नुसतं धुकं.

पण बरोब्बर तीनच फ्रेमला का गेली, हे डोक्यातून जाईना. तिथंच धागा सापडला. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची, म्हणजे प्रवाह सेकंदाला ५० वेळा मागंपुढं होतो आणि दर खेपेला दोनदा शून्यावर येतो, म्हणून स्वस्तातली एलईडी ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. मी शूट करतोय १२० एफपीएसला, म्हणजे सेकंदाला १२० फ्रेम. दोघांचा मेळ बसत नाही, फरक २० चा, म्हणजे दर सहा फ्रेमला एक लुकलुक, आणि सहाच्या निम्मे तीन! तेच फुटेज २५ च्या टाइमलाइनवर ४.८ पट हळू झालं की सेकंदाला साधारण चार लुकलुकी. क्लिप पुन्हा लावून बोटांवर मोजल्या, चारच. रात्री दीड वाजता एवढा आनंद झाला की घरातली उठून आली.

मोटर बिचारी निर्दोष (जवळजवळ, पुढं येतंच). खरा दोष माझा. कॅमेरा सेकंडहँड, आधीच्या मालकानं एनटीएससीवर (६० हर्ट्झ विजेच्या देशांची सेटिंग) ठेवलेला आणि मी सहा महिन्यांत तो मेनू उघडलाच नव्हता. पाल (५० हर्ट्झवाली सेटिंग) केलं, कार्ड फॉरमॅट करून मागितलं, केलं, आणि १०० एफपीएस, शटर १/१००. आता प्रत्येक फ्रेममध्ये ट्यूबचं एक अख्खं कमी-जास्त होणं मावतं, म्हणून सगळ्या फ्रेम सारख्या. १८० डिग्रीचा नियम (शटर फ्रेमच्या निम्म्या वेळाचं) पाळणारे ओरडतील की शटर १/२०० पाहिजे. पाहिजे, पण मग माझी लुकलुक तुम्ही घेऊन जा. मुसळाला थोडा ब्लर येतो, मला तर वजनदार वाटला.

बुधवारी परत शूट. काकूंनी तोंडाला पदर, मी रुमाल, आणि तरी तीन टेक ठसक्यात वाया. एक छोटी कमाई सांगतोच, एक्सपोजर एक स्टॉप खाली, म्हणजे उजेड निम्मा ठेवल्यामुळं ब्याडगीचा लाल या वेळी फुटला नाही, पुडीतला कणन् कण वेगळा दिसतोय. तासभर तोच तुकडा बघत बसलो होतो.

आणि मग मोटरनं सूड घेतला. मोठी लुकलुक गेल्यावर बारकी दिसायला लागली. मुसळ उचलताना मोटरवर ताण येतो तेव्हा ट्यूब किंचित मंदावते, आणि याला शटरचं काही औषध नाही. माझा ऑनलाइन मागवलेला लाइटचा पॅनल लावून बघितला तर त्याची स्वतःचीच वेगळी लुकलुक निघाली. लाइट घेताना दुकानात उभं राहून मोबाइलच्या स्लो-मोमध्ये बघूनच घ्या, रिव्ह्यूंवर जाऊ नका.

तर आता ठरवलंय, ट्यूबा बंदच करायच्या. शेडाचं शटर पूर्वेला उघडतं, सकाळचं ऊन थेट डंकापर्यंत येतं, आणि सूर्याला हर्ट्झ नसतात. समोर पांढरा पत्रा तिरका धरला की सावलीही भरून निघेल.

हे टाइप करता करताच अजून एक सुचलं. व्हिडिओ कशासाठी, याची आपण मागं ठरवलेली एक ओळ आठवा, पुण्या-मुंबईतल्या माणसाला गावाकडची चटणी आठवली पाहिजे आणि त्यानं ऑर्डरचा मेसेज टाकला पाहिजे. मग सुरुवातच स्लो-मोनं कशाला? पहिले तीन सेकंद काळी स्क्रीन आणि नुसता डंकाचा धप्प-धप्प आवाज, मग शटर वर जातंय, ऊन आत येतंय, आणि तिथून मुसळ. आवाज तर माझ्याकडं कधीचा स्वच्छ रेकॉर्ड आहे, लॅपल माईकचा प्रश्न सुटला होता त्याच दिवशीचा. काकूंच्या मुलाला मात्र सुरुवातीला आयर्विन पुलाचा ड्रोन शॉट हवाय. पूल १९२९ चा, देखणा आहे, वाद नाही, पण सांगलीतला सोनारापासून सलूनपर्यंत प्रत्येकाचा व्हिडिओ तिथूनच सुरू होतो राव. चटणीचा पुलाशी काय संबंध? त्याला अजून सांगितलेलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपसाठी उभा कटही करायचाय, म्हणजे मुसळ मधोमध ठेवूनच फ्रेम लावावी लागणार, ते वेगळंच.

रविवारी सकाळी सातला शेडात. काकूंची अट एकच, या वेळी मिरची माझी मी आणायची. टेकवर टेक घेऊन त्यांची दोन किलो ब्याडगी मी इतक्यांदा कुटायला लावलीय की तिचं पार पीठ झालंय, आणि पीठ काय उसळत नाही.