बाई, प्रोजेक्टला काय आणायचं?

जूनमधल्या पहिल्या पालकसभेत हा प्रश्न ठरलेला. मी "काहीही आणू नका" म्हटलं, की दुसरा येतो: चार्टपेपर नाही, कार्डशीट नाही, मग मुलं शिकणार कशावर? पर्यावरणासाठी मुलांची हौस का मारायची? तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

मी कुर्ल्यात मराठी शाळेत सहावीला विज्ञान आणि भूगोल शिकवते. थर्माकोलच्या सजावटीवर महाराष्ट्रात मार्च 2018 मध्ये बंदी आली, पण माझ्या वर्गातून तो आधीच गेला होता, एका मुलामुळे. त्याने मिठी नदी करून आणली होती. थर्माकोलवर निळा जिलेटिन पेपर, काठाला हिरवा रंगवलेला भुसा, पाण्यात दोन बदकं. आईने रात्री जागून केलेलं देखणं काम. मी विचारलं, "ही नदी बघितलीस का कधी?" तो म्हणाला, "नाही बाई." त्याचं घर तिच्या काठावरच होतं. घरी सगळे तिला नाला म्हणायचे.

मॉडेल मी मागितलं होतं, म्हणून मला मॉडेल मिळालं. त्यात त्याची चूक काहीच नव्हती.

पुढच्या शनिवारी सगळ्यांना घेऊन पुलावर गेले. पवई आणि विहार तलावांचं भरून वाहणारं पाणी इथून माहीमच्या खाडीला जातं, ही नदी जेमतेम 18 किलोमीटरची आहे, हे तिथे कठड्याला टेकून सांगितलं. खाली पिशव्यांबरोबर थर्माकोलचे तुकडे अडकले होते. थर्माकोल म्हणजे बहुतेक हवाच. बुडत नाही, कुजत नाही. ते तुकडे मुलांनी माझ्याआधी पाहिले आणि कुणी काही बोललं नाही.

आता पावसाचा धडा आम्ही कसा करतो ते सांगते, कारण माझं खरं उत्तर त्यात आहे. सरळ बाजूंची रिकामी बाटली घ्यायची, वरचा भाग कापून तोच नरसाळ्यासारखा उलटा बसवायचा. तळ उंचसखल असतो, म्हणून बाटली जिथे सरळ होते तिथपर्यंत आधीच पाणी भरायचं आणि शून्य तिथे धरायचा. बाजूला फूटपट्टी. वेधशाळा सकाळी साडेआठला नोंद घेते, आमचीही शाळा सकाळची, त्यामुळे वेळ जुळते. पाळीने दोघं जण गच्चीवर जातात, येऊन आकडा फळ्यावर लिहितात.

मग एका दिवशी मी 26 जुलै 2005 चा आकडा सांगते. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर. आकडा ऐकून कोणाला काही वाटत नाही. मुलं जमिनीपासून 94 सेंटिमीटर मोजून भिंतीवर पेन्सिलची रेघ मारतात आणि एकेक जण तिला लागून उभा राहतो. बाक बुडतो, दप्तर बुडतं, कुणाच्या छातीला टेकते, कुणाच्या पोटाला. "म्हणजे पडलेलं पाणी कुठे गेलंच नसतं, तर इतकं?" हो, इतकं. मग दुसरी रेघ, त्याच दिवशीच्या कुलाब्याची. तिथे 75 मिलिमीटरसुद्धा झाला नव्हता. ती रेघ घोट्याजवळ येते. एकाच शहरात असं कसं, हे मला कधीच विचारावं लागत नाही. तेच विचारतात आणि पुढचे दोन तास त्यातच जातात. विकत आणलेल्या कुठल्याही चार्टने माझ्या वर्गात हे केलेलं नाही.

पाट्याही मी परत आणल्या. नैऋत्य मोसमी वाऱ्याचा बाण काढा म्हटलं, की चाळीस पाट्या एकदम वर येतात आणि निम्मे बाण उलटे, नैऋत्येकडे निघालेले. वह्या तपासताना हे मला चार दिवसांनी कळलं असतं.

मात्र कागद वाचवायचा म्हणून मुलांचं लिहिणं कमी करा, हे मला अजिबात मान्य नाही. मुलांनी भरपूर लिहावं, खोडावं, पुन्हा लिहावं. शाळेच्या ऑफिसातून पाठकोरे कागद मिळतात, ते दाभणाने शिवून आम्ही कच्च्या वह्या करतो. पावसाची वही त्यातलीच.

प्रदर्शनाच्या दिवशी आमच्या वर्गात टेबलावर मांडायला काही नसतं, ही तक्रार खरी आहे. शेजारच्या वर्गात रंगीत ज्वालामुखी असतो आणि आमची मुलं थोडी हिरमुसतात. त्या दिवशी मी पालकांना भिंतीपाशी उभं करते. मागे एका आजोबांनी रेघेवर हात ठेवला आणि त्या रात्री कलिन्यापासून घरी कसे आले ते सांगत राहिले. सगळा वर्ग त्यांच्याभोवती जमा झाला. ज्वालामुखीवालेसुद्धा.

यंदा मे महिन्यात शाळेला रंग दिला, दोन्ही रेघा गेल्या. जूनमध्ये नवी सहावी आली. मी त्यांना आकडा सांगितला आणि फूटपट्टी दिली.